बाबांचा चार्ज

दवाखान्यात पाळी बदलते तेव्हा जाणारी नर्स येणाऱ्या नर्सला 'चार्ज' देते. म्हणजे वॉर्डातले रोगी तिच्या हवाली करते. कोण कसा आहे, कोणाला काय दिलं, काय द्यायचं राहिलं, एवढं सांगायचं आणि घरी जायचं. अकोल्याच्या दवाखान्यात मी हे रोज करत होते आणि त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. मग एका उन्हाळ्यात अमरावतीच्या एका दवाखान्यात, पुरुषांच्या वॉर्डात, वडिलांच्या खाटेशेजारी बसून मी दुसऱ्यांचा चार्ज ऐकला.

वऱ्हाड तेव्हा अजून मध्य प्रदेशात होतं. बाबा हायस्कुलात व्याकरण शिकवत. आमचं घराणं मूळचं भिक्षुकी करणाऱ्यांचं. बाबांनी ती सोडली तरी घरातले सोवळ्याचे नियम सुटले नव्हते. माझं लग्न लवकर झालं आणि वर्ष उलटायच्या आत यजमान विषमज्वरानं गेले. मी माहेरी परत आले. पुढे काय, हा प्रश्न घरात कोणी उघडपणे विचारत नव्हतं. एके दिवशी बाबांनीच जेवताना सांगितलं की हिला नागपूरला नर्सिंग शिकायला पाठवायचं आहे. काकांनी ताट बाजूला सारलं. परक्या पुरुषांची घाण काढायला आपली मुलगी पाठवतोस का, असं ते म्हणाले. बाबा वाद घालणाऱ्यांपैकी नव्हते. "ती शिकणार आहे," एवढंच म्हणाले, आणि स्वतः मला नागपूरला सोडून आले. होस्टेलच्या फाटकाबाहेर कडुलिंबाखाली ते बराच वेळ उभे होते, ते मी वरच्या खिडकीतून पाहिलं होतं. काका त्यानंतर आमच्याकडे जेवायला आले नाहीत.

शिक्षण झाल्यावर मला अकोल्याला नोकरी लागली. सुट्टी मिळाली की मी पॅसेंजरनं बडनेऱ्याला येई, तिथे गाडी बदलून अमरावतीला. असं सुरळीत चालू असताना तार आली. बाबांना लकवा मारला होता.

मी पोचले तेव्हा त्यांची उजवी बाजू पूर्ण गेलेली होती. तोंड डावीकडे ओढलं गेलं होतं. शुद्ध होती, ओळख होती. पण बोलणं गेलं होतं. अगदीच गेलं असं नाही, एक शब्द राहिला होता. 'परवा'. पाणी हवं असलं तरी परवा, कूस बदलायची असली तरी परवा, आईला बघून डोळ्यांत पाणी आलं तरी परवा. ज्यांनी चाळीस पोरांच्या वर्गात एका अनुस्वारासाठी तास घालवला, त्यांच्या तोंडून तो एकच शब्द निघत होता. तो चुकीचा निघतो आहे हे त्यांना समजत होतं. म्हणून ते चिडत आणि आणखी जोरात तोच शब्द म्हणत. वॉर्डातल्या नर्स चांगल्या मनाच्या होत्या. त्या म्हणत, "हो बाबा, परवा जायचं बरं घरी." मग बाबा डोळे मिटून घेत.

रजेवर असल्यामुळे मी दिवसभर त्यांच्याजवळ असे. तसा पुरुषांच्या वॉर्डात बायकांना बसायला मनाई होती. भेटीच्या वेळेतच यायचं, असा नियम. पण मी नर्स आहे हे कळल्यावर वॉर्डच्या मुख्य सिस्टरनी मला मुभा दिली. आई मात्र वेळेवर डबा घेऊन येई आणि वेळ संपली की निघून जाई. ती वॉर्डात तोंड उघडत नसे.

दोन दिवसांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बाबांना निजल्या-निजल्या पाणी पाजलं की ठसका लागे आणि त्यानंतर बराच वेळ छातीत घरघर वाजे. पाणी वाट चुकत होतं. आईनं ज्वारीची दाट आंबील करून आणली तेव्हा ती मात्र नीट उतरली, पण तीही कधी? पाठीला दोन उशा देऊन बसतं केलं, हनुवटी जरा खाली घेतली आणि चमचा डाव्या गालात सोडला, तर. उजव्या गालात घास गेला की तो तिथेच राही, त्यांना पत्ता नसे. पाणीसुद्धा बसवून, चमच्यानं, थेंब थेंब द्यावं लागे. एवढं केलं तर सगळं ठीक होतं. एवढं विसरलं तर त्यांचा जीव धोक्यात होता. आणि "मला बसवा" एवढे दोन शब्द त्यांच्याकडे नव्हते.

सकाळपाळीची नर्स परतवाड्याकडची होती. थोराड, हसतमुख, वऱ्हाडी बोलणारी. तिला मी सगळं करून दाखवलं. तिनं लगेच उचललं. दुसऱ्या दिवशी मी यायच्या आधीच तिनं बाबांना बसवून आंबील भरवली होती.

"तुमच्या बाबानं आज सारी वाटी संपवली," ती म्हणाली.

"तुम्ही दुपारच्या बाईंना सांगाल ना हे?"

"सांगतो ना. काहून नाही सांगणार?"

दुपारी पाळी बदलली. दाराजवळ टेबल होतं, तिथे चार्ज दिला जाई. बाबांची खाट टेबलापासून फार लांब नव्हती, मला सगळं ऐकू येत होतं. वॉर्ड भरलेला होता, दोन रांगांच्या मध्येही गाद्या टाकलेल्या होत्या. सकाळची नर्स पिशवी खांद्याला लावून उभी राहून भराभर सांगत होती. याला ताप, याला इंजेक्शन सहाला, याची पट्टी ओली झाली ती बदला, हा उद्या ऑपरेशनला, त्याला रात्री खायला नको. मध्येच एका रोग्यानं हाक मारली, मध्येच डॉक्टरांचा शिपाई काही विचारून गेला. ज्यांचं काही नवीन घडलं नव्हतं त्यांच्यासाठी एकच शब्द होता. बाबांचा नंबर आला आणि ती म्हणाली, "लकव्याचा बुढा. जैसे थे."

आणि ती पुढच्या खाटेवर गेली.

तिनं मुद्दाम टाळलं असं मुळीच नाही. तिच्या दृष्टीनं ते आता रोजचं झालं होतं, आणि रोजचं सांगायची पद्धत नव्हती. मी उठून दुपारच्या नर्सकडे गेले, तिला सगळं सांगितलं. तिनंही नीट ऐकून घेतलं आणि नीट केलं. पण रात्रीच्या नर्सला तिनं काय सांगितलं, ते ऐकायला मी नव्हते. सकाळी आले तर बाबांच्या छातीत घरघर होती.

मग मी एक जाड कागद घेतला, मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बसवून द्यावे. डाव्या गालात. पाणी चमच्याने, थेंब थेंब', आणि तो खाटेच्या डोक्याशी भिंतीवर चिकटवला. संध्याकाळपर्यंत तो तिथे नव्हता. मी मुख्य सिस्टरांकडे गेले. त्या पुण्याकडच्या होत्या, शिस्तीच्या, पण तुसड्या नव्हत्या.

"कागद मीच काढायला लावला," त्या म्हणाल्या. "उद्या सिव्हिल सर्जनांचा राउंड आहे. भिंतींवर काही चालत नाही त्यांना. आणि एकानं लावला की सगळ्यांचे नातेवाईक लावतील."

"मग निदान चार्ज देताना हे सांगायचा नियम करा. रोज, प्रत्येक पाळीला."

"मी सांगेन मुलींना."

"तुम्ही सांगाल हो. पण तुम्ही नसाल तेव्हा?"

त्यांनी चष्मा काढला आणि थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही स्वतः नर्स आहात. तुमच्याकडे अकोल्याला चार्ज कसा देतात?"

आमच्याकडेही टेबलाशीच देत.

रजा संपली. वाढवून मागितली तर अकोल्याहून निरोप आला की दोन नर्स आजारी आहेत, ताबडतोब रुजू व्हा. निघायच्या दिवशी मी तिन्ही पाळ्यांच्या नर्सना वेगवेगळं गाठून सांगितलं. आयांना सांगितलं. वॉर्डबॉयला सांगितलं. शेजारच्या खाटेवर पाय मोडलेला एक तुरीचा व्यापारी होता, त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "ताई, फिकर नका करू, मी नजर ठेवतो." आईला सांगितलं की कोणी निजवून पाणी देताना दिसलं तर अडव. आई म्हणाली, "मी कशी अडवू गं? त्या शिकलेल्या बाया." बाबांनी माझा हात डाव्या हातात धरून ठेवला होता. "परवा," ते म्हणाले. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला माहीत नाही. मी म्हटलं, "सुट्टी मिळाली की लगेच येते बाबा."

अकोल्यात कामावर मन लागत नव्हतं. रोज पाळी संपवून मी चार्ज देई, आणि त्याच सुमाराला अमरावतीला त्या टेबलाशी कोण उभं असेल, बाबांबद्दल काय सांगत असेल, हे मनात येई. तिथे फोन करून एका रोग्याला पाणी कसं पाजायचं हे सांगणं त्या काळी कोणाच्या कल्पनेतही नव्हतं. मी आईला पत्र घातलं. तिचं उत्तर आलं, 'प्रकृती ठीक आहे, काळजी करू नये.' आई पत्रात नेहमी हेच लिही.

साप्ताहिक सुट्टी मिळताच मी निघाले. वॉर्डाच्या दारातूनच मला बाबांचा श्वास ऐकू आला. ताप भडकला होता, नाकपुड्या उडत होत्या, ओठ काळवंडले होते. पाणी छातीत उतरून न्यूमोनिया झाला आहे हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. डॉक्टरांनी पेनिसिलिन सुरू केलं होतं. तुरीचा व्यापारी प्लास्टर घालून घरी गेला होता, त्याच्या जागी दुसराच कोणी होता. परतवाड्याची नर्स बाळंतपणाच्या वॉर्डात बदलून गेली होती.

बाबांच्या खाटेशी एक तरुण नर्स हातपंख्यानं वारा घालत उभी होती. तिला मी पूर्वी पाहिलं नव्हतं. मी कोण हे कळल्यावर तिचा चेहरा पडला. मी काही विचारायच्या आधीच ती सांगू लागली. ती मुलांच्या वॉर्डातली. कोणीतरी आजारी पडलं म्हणून तिला ऐन दुपारी इकडे पाठवलं होतं. चार्ज मिळाला तेव्हा लकव्याचा रोगी, जैसे थे, इतकंच तिच्या कानावर आलं.

"ऊन लय होतं त्या दिवशी," ती म्हणाली. "तुमचे बाबा माठाकडं बोट दाखवून राहिले होते. परवा, परवा म्हणत होते. मले वाटलं, तहान लागली असंल. मी गिलासभर गार पानी आनलं अन् तोंडाला लावलं. त्यायनं घटाघटा घेतलं. मंग ठसका लागला तो थांबेचना."

मी तिच्याकडे नुसती पाहत होते.

"मले कोनी सांगितलंच नाही, ताई. सांगितलं असतं तर मी कशाले असं केलं असतं? तुमी बोला मले काही. पन असं नका पाहू माह्याकडं."

मला तिला बोलायचं होतं. निदान कोणाला तरी बोलायचं होतं. पण एकेकाकडे पाहू लागले तर प्रत्येकानं आपापल्या परीनं बरंच केलेलं दिसत होतं. हिनं तर तहानलेल्या म्हाताऱ्याला पाणी पाजलं होतं. त्या भर उन्हाळ्यात चमच्या-चमच्यानं पाणी घेऊन बाबांची तहान भागत नसणार, हे मलाही ठाऊक होतं. मी तिच्या हातातला पंखा घेतला आणि बाबांना वारा घालू लागले.

मी अकोल्याला परत गेले नाही. तार करून कळवून टाकलं. पेनिसिलिनचा उपयोग होत नव्हता. मी त्यांना बसवून ठेवी, पाठ चोळी, घशातला चिकटा कापडानं काढी. जे जे शिकले होते ते सगळं केलं. एका दुपारी आई डबा घेऊन आली तेव्हा त्यांचा श्वास मंद झाला होता. आईनं डबा खाली ठेवला आणि पहिल्यांदाच, भेटीची वेळ संपली तरी, उठली नाही. तिला कोणी उठवलं नाही. उन्हं उतरायच्या सुमाराला बाबा गेले. काका स्मशानात आले. बाबांच्या पायांवर डोकं ठेवून रडले.

तेराव्यानंतर मी अकोल्याला रुजू झाले आणि तडक मेट्रनकडे गेले. वयस्क ख्रिस्ती बाई होत्या, मुलींवर माया करणाऱ्या. मी त्यांना म्हटलं की चार्ज टेबलाशी नको, प्रत्येक खाटेशी जाऊन द्यायचा. आणि प्रत्येकीनं आपल्या मनासारखा नाही, सगळ्यांनी एकाच क्रमानं. रोगी कशासाठी आला, आज काय बदललं, काय खायचं-प्यायचं आणि कसं, आणि कशावर नजर ठेवायची. काही बदललं नसलं तरी सगळं म्हणायचं. 'जैसे थे' म्हणायचं नाही.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तुझ्या वॉर्डात करून बघ. जबरदस्ती मात्र करू नकोस."

माझा वॉर्ड बायकांचा होता. पहिले काही दिवस सगळ्या वैतागल्या. एक म्हणाली, "रोज रोज तेच काय पोपटासारखं म्हणायचं?" दुसरीची बस चुकायची. तिचं तान्हं मूल घरी वाट बघत असे, ती माझ्यावर रागावायची आणि तिचा राग बरोबर होता. पण हळूहळू सवय लागली. मग एक गोष्ट घडली ती माझ्या ध्यानीमनी नव्हती. आम्ही खाटेशी उभ्या राहून बोलत होतो, म्हणून रोगी बायकाही ऐकत होत्या. मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यातली कास्तकाराची बायको होती, पोटाच्या दुखण्यानं आलेली. आमचं बोलून झालं, आम्ही पुढे निघालो, तशी ती मागून म्हणाली, "बाई, थे पांढऱ्या गोळीचं राह्यलं ना. थे घेतली का मले ओकारी येते. रोज सांगतो, पन कोनी ऐकूनच नाही राह्यलं." डॉक्टरांना सांगून ती गोळी बदलली. त्यानंतर बाकीच्या बायकाही बोलू लागल्या. कोणी सांगे झोप नाही, कोणी सांगे कालची पट्टी घट्ट बसली. त्या दिवसांत मला जरा बरं वाटे.

पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली. व्हरांड्यात, जिन्याखाली, जिथे जागा मिळेल तिथे रोगी होते. सलाइन लावायला हात पुरेनात. खाटच नव्हती तिथे खाटेशी चार्ज कसला देणार? पाळी बदलण्याचाच पत्ता नसे, जी यायची ती सरळ कामाला लागायची. साथ ओसरली तेव्हा आम्ही सगळ्या टेबलाशी परतलो होतो, आणि पुन्हा सुरुवात करायचं कोणाच्या मनात नव्हतं. मी विषय काढला. मेट्रनबाई त्याच दरम्यान निवृत्त झाल्या. नव्या आल्या त्यांनी विचारलं, असा हुकूम वरून आला आहे का? मी नाही म्हटलं. "मग राहू द्या," त्या म्हणाल्या. "मुली वेळ घालवतात असं माझ्या कानावर आलं आहे."

महाराष्ट्र झाल्यावर काही वर्षांनी माझी बदली अमरावतीला झाली, आणि नेमका तोच पुरुषांचा वॉर्ड मिळाला. बाबांना पाणी पाजणारी ती मुलगी आता तिथे जुनी झाली होती, लग्न होऊन दोन लेकरांची आई. आम्ही त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही. पण पहिल्याच दुपारी मी तिला चार्ज द्यायला टेबलाशी गेले, तर ती टेबलाशी थांबलीच नाही. सरळ पहिल्या खाटेशी जाऊन उभी राहिली. "चाला ताई," म्हणाली, "इथून सांगा." आम्ही दोघी एकमेकींना नेहमी असाच चार्ज दिला. बाकीच्या पाळ्यांत जे चालायचं ते चालायचं. आम्ही दोघी मिळून चोवीस तास पुरणार नव्हतो.

पुढे तिची अचलपूरला बदली झाली. तिच्या जागी आलेली मुलगी चांगली होती, चुणचुणीत. तिला मी खाटेशी ये म्हटलं. ती आली, तीन-चार खाटा माझ्याबरोबर फिरली, नीट ऐकलं. मग हळूच म्हणाली, "ताई, सकाळपासून घरची कामं करून आले हो. पाय फार दुखतात. पुढचं तिथे बसून सांगता का?"

तिच्या पायांवर सूज होती, मला दिसत होती. समोरच्या रांगेतले रोगी आमच्याकडे पाहत होते. मी तिला टेबलाशी बसवलं आणि पुढच्या खाटांचं तिथूनच सांगितलं, खाटांवर ऐकू जाईल इतका आवाज मोठा करून.